आमेनच्या आधी

भाजे,
मंगळवार, २९ ऑक्टोबर २०२४

ती. लिदियाआत्या हिस,
सलोमीचा ख्रिस्ती सलाम वि. वि.

तुझी अट मान्य करून हे पत्र पेनाने, मोठ्या अक्षरात आणि एक-एक ओळ सोडून लिहीत आहे. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि फोनवर लिहिलेली अक्षरं तुला मुंग्यांसारखी दिसतात, म्हणजे पत्रच उरलं. पोस्टातल्या बाईंकडे पाकीट मागितलं तर त्यांनी मला आधी वय विचारलं. गंमत म्हणजे बेगडेवाडीकडे जाणारी प्रत्येक लोकल माझ्या डोळ्यांसमोरून जाते, आणि तरी हे पत्र तुला तीन दिवसांनी मिळणार.

आता बातम्या. प्रशिक्षण संपून मला कामशेत आणि मळवलीच्या मधलं एक रेल्वे फाटक मिळालं आहे. पाळी सकाळी सहा ते दुपारी दोन. एक गुमटी, म्हणजे फाटकाजवळची छोटी खोली, एक पंखा, एक टेलिफोन, लाल-हिरवी झेंडी आणि फाटक खाली-वर करायचं हँडल, एवढा माझा संसार. गाडी यायची असली की स्टेशनातून मास्तरसाहेब फोन करतात. मी फाटक लावायचं, कुलूप घालून चावी काढायची आणि फोनवर तसं सांगायचं. मगच सिग्नल हिरवा होतो. फाटक उघडं असेल तर सिग्नल लालच राहतो आणि गाडी अलीकडे थांबते, तवा भ्यायचं काय कारण न्हाई, असं कोंडाजीमामा मला रोज सांगतात. ते माझ्या पुढच्या पाळीला येतात आणि तीस वर्षं हेच काम करतात. तरी मी कुलूप तीनदा ओढून बघते. बेरीज वरून खाली केली की पुन्हा खालून वर करायची, हे तूच शिकवलंस. इतर मुलं शाळेत शिकली, मी पायाला प्लास्टर घालून तुझ्या ओट्यावर शिकले, त्यामुळे माझी खोड कुठल्या शाळेच्या माथी मारताही येत नाही.

खोली भाज्यात मिळाली, हौशीरामभाऊ आणि रतनबाई यांच्या घरामागे. भाऊ इथल्या बंगल्यांना पाण्याचे जार पोचवतात. त्यांचा पांढरा टेम्पो रोज अकराच्या आसपास माझ्या फाटकातून जातो, आणि ते दर वेळी मान बाहेर काढून विचारतात की म्याडम, आदी आमाला सोडताय का गाडीला? मी ख्रिस्ती आहे म्हटल्यावर रतनबाईंनी काळजीने विचारलं, की मंग तू भात खातीस का पावच लागतो? आता त्यांच्या घरचा इंद्रायणीचा भात मी दोनदा वाढून घेते, तेव्हा त्यांची शंका फिटली.

एक काळजी मात्र आहे. आपल्या घरी सकाळी सातला चटई, डोक्यावर पदर आणि सगळे गुडघ्यांवर. इथे सातला मी कामावर असते. म्हणून पावणेपाचला उठून प्रार्थना करते. पण झोप डोळ्यांवर असते, मध्येच कुणाचं तरी नाव राहतं, मग पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करते. काल तीनदा सुरुवात केली आणि धावत फाटकावर पोचले. आत्या, अर्धवट राहिलेली प्रार्थना पोचते का गं?

आईच्या पोटातल्या गाठीचं ऑपरेशन बारा तारखेला सकाळी अकराला आहे, असं पपांनी कळवलं. मला सुट्टी नाही, नव्या माणसाला मिळत नाही. मी इथे काय करू ते सांग.

तुझी माया आहे तेवढी राहू दे, वाढली तर तक्रार करणार नाही.

तुझी,
सलोमी

बेगडेवाडी,
शनिवार, २ नोव्हेंबर २०२४

चि. सलोमी हीस,
आत्याचे अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. अक्षर नीट आहे, फक्त ओळी डोंगर चढल्यासारख्या वर जातात. लोणावळ्याजवळ राहतेस म्हणून इतकं नको.

तुझ्या पपांनी माझ्यासाठी कानाचं नवं यंत्र आणलं. कानात घातलं की ते शिट्टी वाजवतं. मी ते पेटीत ठेवलं आहे, तुझ्या फाटकाला लागलं तर कळव. चर्चमध्ये मी पहिल्या बाकावर बसते आणि पाळकसाहेबांचे ओठ बघते. मागच्या महिन्यापासून त्यांनी मिशा वाढवल्यात, त्यामुळे आता निम्मा उपदेश मिशांखाली राहतो.

बारा तारखेचं असं ठरवलं आहे. बरोबर अकरा वाजता आपलं सगळं घर गुडघ्यांवर असेल. पपा दवाखान्याच्या व्हरांड्यात, मी इथे चटईवर आणि तू तुझ्या गुमटीत. तुझ्या आईला तसं सांगितलं, तेव्हा ती पहिल्यांदा हसली. म्हणाली, तिघं तीन ठिकाणांहून हाक मारणार, तर एकाची तरी लागेल. मी तिला रागावले, पण मला बरं वाटलं.

आणि अर्धवट प्रार्थनेचं विचारलंस, तर अर्धवट करूच नये. आपल्या घरचा नियम तुला पाठ आहे. एकदा डोळे मिटले की आमेनपर्यंत उठायचं नाही, बाहेर काहीही होवो. त्या दिवशी तर मुळीच नाही.

स्वेटर वापर. आशीर्वाद आहेतच, रोजचे नवे.

तुझी,
लिदियाआत्या

भाजे,
गुरुवार, १४ नोव्हेंबर २०२४

ती. आत्या हिस,
सलोमीचा सलाम वि. वि.

पपांचा फोन आला होता. आईचं ऑपरेशन नीट झालं, गाठ साधी आहे असं डॉक्टरांना वाटतं. देवाचे आभार. आईला माझा सलाम सांग आणि तिला कळशी उचलू देऊ नकोस.

इथे आता थंडी चांगली पडू लागली आहे. सकाळी धुकं असतं, लोहगड नऊपर्यंत दिसत नाही. भाताची कापणी झाली, सगळीकडे झोडणी चालू आहे. हवा छान आहे.

काम ठीक.

सलोमी

बेगडेवाडी,
सोमवार, १८ नोव्हेंबर २०२४

चि. सलोमी हीस,
अनेक आशीर्वाद.

तुझी आई काल घरी आली. पेज पिते आणि उशीला टेकून मला घर कसं झाडावं ते शिकवते, म्हणजे बरी आहे. गाठीत वाईट काही नाही, असा कागदही आला.

आता तुझ्याबद्दल. सहा वर्षांची असताना तू माझ्या वहीवर शाई सांडलीस, की दोन्ही हात मागे लपवून म्हणायचीस, आत्या, आज हवा किती छान आहे. तुझ्या पत्रात हवेच्या चार ओळी आहेत. अकराच्या प्रार्थनेबद्दल एकही नाही. शेवटी "तुझी" लिहायलाही विसरलीस.

हात पुढे कर बघू. काय सांडलं?

वाट पाहते.
तुझी,
लिदियाआत्या

भाजे,
शुक्रवार, २२ नोव्हेंबर २०२४

ती. आत्या हिस,
सलोमीचा सलाम. वि. वि. कोणत्या तोंडाने लिहू?

सगळं पहिल्यापासून सांगते.

बारा तारखेला पावणेअकराला एक गाडी गेली. पुढची सव्वाअकराला होती, म्हणून मी बरोबर अकराला गुमटीत ओढणी डोक्यावर घेऊन गुडघे टेकले. आईचं नाव घेतलं, डॉक्टरांच्या हातांसाठी मागू लागले, आणि फोन वाजला. वेळेआधी धावणारी एक एक्सप्रेस येत होती, हे नंतर कळलं. फोन मला ऐकू आला, आत्या. हे मुद्दाम लिहिते, कारण नंतर मी स्वतःलाच सांगू लागले होते की ऐकू आलाच नाही. मला वाटलं, आता उठले तर प्रार्थना इथेच तुटेल, आणि ती तुटली त्या क्षणी तिकडे डॉक्टरांचा हात हलला तर? म्हणून मी डोळे आणखी घट्ट मिटले. फोन बंद झाला, पुन्हा वाजला. मग लांबून इंजिनाची शिट्टी आली. एक्सप्रेस लाल सिग्नलला उभी राहिली होती. मी आमेन म्हटलं आणि मगच उठले. फाटक लावलं, चावी काढली, फोन उचलला. गाडी चार मिनिटं खोळंबली.

कुणाला काही झालं नाही. पण गाडी का थांबली याचा जबाब लिहून द्यावा लागतो. दोनला कोंडाजीमामा आले. ते म्हणाले की आगं, लिव की टेम्पो आडवा आला हुता, रोजच येत्यात, कोन बगतंय? मी लिहिलं. टेम्पो फाटकात अडकला, म्हणून लावता आलं नाही. मग मास्तरसाहेबांनी विचारलं, कसला टेम्पो? आणि मी, जिला खोटं बोलताही नीट येत नाही, डोळ्यांसमोर जो रोज येतो तोच सांगितला. पांढरा, मागे पाण्याचे जार.

या मंगळवारी रेल्वे पोलिसांनी हौशीरामभाऊंना बोलावलं आणि टेम्पो ठेवून घेतला. भाऊ सांगतात की मी साडेधालाच गेलतो, आन् अडाकलो तर न्हाईच. पण लिहिलेल्या जबाबापुढे कोण ऐकणार? भाज्यात पोरं त्यांना गाडी थांबवणारे भाऊ म्हणून चिडवतात. तीन बंगल्यांनी दुसरा जारवाला लावला. परवा रतनबाई माझ्या खोलीत आल्या, माझा हात धरला आणि म्हणाल्या की पोरी, तू तर तितंच हुतीस, सोमवारी दोन तारखेला त्यांना पुन्ना बोलावलंय, तू चल आन् खरं काय ते सांग. त्यांना जबाब कुणी लिहिला हे ठाऊक नाही. मी मान हलवली. त्यांनी जाताना खरवस ठेवला. तो मी अजून खाल्लेला नाही, टाकूनही दिलेला नाही.

खरं सांगितलं तर नोकरी जाऊ शकते. माझं अजून पक्कं झालेलं नाही. पण ते नंतरचं. बारा तारखेपासून मी प्रार्थना केलेली नाही, आत्या. चटई घालते, ओढणी घेते, डोळे मिटते आणि पांढरा टेम्पो दिसतो. आधी सगळं निस्तरायला हवं, स्वच्छ व्हायला हवं, मगच देवासमोर जाता येईल. पण निस्तरायला जी हिंमत लागते ती त्याच्याशिवाय कुणाकडे मागू? त्याच्याकडे मागायला तोंड नाही. अशी मी मधल्यामध्ये अडकले आहे, खरोखर फाटकात अडकल्यासारखी.

आईला हे सांगू नकोस. तिला वाटेल तिच्यामुळे झालं.

तुझ्या मायेला पात्र नसलेली, तरी तुझीच,
सलोमी

बेगडेवाडी,
मंगळवार, २६ नोव्हेंबर २०२४

चि. सलोमी हीस,
आत्याचे आशीर्वाद, आणि या वेळी आत्याची माफीही.

तुझं पत्र दोनदा वाचलं. मग परसात जाऊन बसले. मग तिसऱ्यांदा वाचलं. आता जे लिहिते ते तुला एकोणीस वर्षांपूर्वीच सांगायला हवं होतं.

तुझं प्लास्टर निघालं तेव्हा तू सहा वर्षांची होतीस. वर्षभर पडून राहिलेली पोर, पाय मोकळे झाल्यावर घरात ठरेना. प्रार्थनेला बसलो आणि गाडीचा आवाज आला की तू उठून कुंपणाकडे धावायचीस. तुला आठवतं ना, आपल्या कुंपणापासून रूळ चाळीस पावलांवर आहेत. एकदा तू कुंपणाच्या पलीकडे सापडलीस. त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी मी तुला सांगितलं, की आमेनच्या आधी जो उठतो त्याची प्रार्थना देव ऐकत नाही. हे शास्त्रात कुठेही नाही, सलू. ते मी केलं, माझ्या मनाने, तुला रुळांपासून लांब ठेवायला. तू इतकी शहाणी, की दुसऱ्या दिवसापासून हललीसुद्धा नाहीस. मला वाटलं, मोठी झाल्यावर सांगू. मग सगळं घरच तो नियम पाळायला लागलं, आणि मीही. दोन तारखेच्या पत्रात मी तो तुला पुन्हा बजावून लिहिला. गाडीपासून तुला वाचवायला केलेल्या नियमाने तू गाडी थांबवलीस. हसू येतं आणि रडूही येतं.

तेव्हा त्या चार मिनिटांतली निम्मी माझी आहेत. टेम्पो मात्र सगळा तुझा आहे. तो मी वाटून घेऊ शकत नाही.

आता दुसरं. तू म्हणतेस, आधी निस्तरते मग त्याच्याकडे जाते. ताप उतरला की मग डॉक्टरकडे जाते, असं म्हटल्यासारखं झालं हे. मला ऐकू येईनासं झालं तेव्हा मीही असलाच विचार केला होता. उपदेश ऐकू येत नाही, गीत ऐकू येत नाही, माझा स्वतःचा आवाजही नाही. प्रार्थना म्हणजे खोल विहिरीत खडा टाकावा आणि आवाज येऊ नये, तसं व्हायचं. दोन महिने मी चटई घातली नाही. हे घरात कुणाला ठाऊक नाही. मग एके दिवशी भाकरी थापताना हात भाजला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, प्रभू, बघ की रे! पदर नाही, गुडघे नाहीत, पिठाचे हात. आणि मला आतून इतकं ठाम कळलं की कुणीतरी बघितलं. बहिरी मी झाले होते, तो नाही. त्यानंतर मी चुलीपुढेही बोलते, नळावरही बोलते. चटईवर बसते ते मला बसावंसं वाटतं म्हणून, त्याला लागतं म्हणून नव्हे.

राजाला पेला देणाऱ्या त्या चाकराची शास्त्रातली गोष्ट मी तुला ओट्यावर सांगितली होती. राजा विचारतो, तुला काय हवं? चाकर हातातला पेला न सांडता, डोळे न मिटता, मनातल्या मनात देवाला हाक मारतो आणि मग राजाला उत्तर देतो. दोन वाक्यांच्या मधल्या जागेत मावेल एवढी ती प्रार्थना होती. कामावर असलेल्या माणसाची. ती गोष्ट मी सांगितली आणि स्वतः मात्र विसरले.

तेव्हा आज, हे पत्र हातात असतानाच, हाक मार. स्वच्छ होऊ नकोस, तशीच मार. मग मास्तरसाहेबांकडे जा. मी सोबत यायला तयार आहे. मला साहेबांचं काही ऐकू येणार नाही, म्हणजे मी मध्ये थांबणार नाही, हा फायदा. पण मला वाटतं तू एकटी जाशील.

खरवस खा. अन्नावर राग नको.

तुझी,
लिदियाआत्या

भाजे,
शुक्रवार, ६ डिसेंबर २०२४

ती. आत्या हिस,
सलोमीचा ख्रिस्ती सलाम वि. वि.

तुझं पत्र गेल्या शुक्रवारी दुपारी आलं. दारात उभ्यानेच वाचलं. हाक तिथेच मारली, चपला घालून, हातात कुलपाची किल्ली. काय म्हटलं ते लिहायला लाज वाटते, इतकं वेडंवाकडं होतं. पण म्हटलं. टेम्पो दिसला, तरी म्हटलं.

शनिवारी पाळी संपल्यावर स्टेशनात गेले. फलाटाच्या टोकापासून मास्तरसाहेबांच्या खोलीपर्यंत एकच वाक्य चालू होतं, प्रभू, सोबत ये. चौदा खांब होते, प्रत्येक खांबाला तेच. दार लोटलं आणि वाक्य अर्धवट राहिलं, कारण साहेबांनी लगेच विचारलं काय काम आहे. मी सगळं सांगितलं. फोन ऐकू आला होता, हेही.

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाले, बावीस वर्षांत मी जबाबात टेम्पो वाचला, म्हैस वाचली, नवरदेवाची वरात वाचली, पण प्रार्थना पहिल्यांदा ऐकतो. मग म्हणाले की तुमचा देव तुमच्यासाठी पाच मिनिटं थांबला असता, पोरी, गाडीतली माणसं थांबत नसतात. मी म्हटलं, हो, तो थांबला असता. हे मला त्या क्षणी कळलं, आत्या, त्यांच्या तोंडून. त्यांनी कागद पुढे केला आणि नवा जबाब लिहून घेतला.

रविवारी हौशीरामभाऊंना आणि रतनबाईंना सांगितलं. ते साहेबांपेक्षा कठीण गेलं. भाऊ भाताच्या पोत्यावर बसले होते. ऐकून झाल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, की पन बाई, जगात इतकं टेम्पो हैत, माजाच का लिवलास? मी खरं ते सांगितलं, की दुसरा कुठला आठवलाच नाही, तुमचाच ओळखीचा होता. ते म्हणाले, ओळख लय म्हागात पडली बग. मग हसले, पण थोडंच. रतनबाई हसल्या नाहीत. त्या आत गेल्या आणि दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. सोमवारी मी भाऊंबरोबर जाऊन खरं सांगितलं, टेम्पो सुटला. ज्या तीन बंगल्यांनी दुसरा जारवाला लावला होता, त्यांच्याकडे मंगळवारी मी स्वतः गेले आणि चूक माझी होती असं सांगितलं. दोघांनी भाऊंना परत बोलावलं. तिसऱ्याने दार उघडलं नाही. बुधवारी सकाळी माझ्या दाराशी भाकरी आणि मिरचीचा ठेचा झाकून ठेवलेला होता. ठेचा नेहमीपेक्षा तिखट होता. मी सगळा खाल्ला.

नोकरीचं असं, की मला लेखी ताकीद मिळाली, पक्कं व्हायचं सहा महिने पुढे गेलं आणि पुन्हा प्रशिक्षणाला पाठवणार आहेत. फाटकावर परत सहा जानेवारीला. कोंडाजीमामांचं नाव मी घेतलं नाही. लिहिलं ते माझ्या हाताने. त्यांनी मला विचारलं, की खरं सांगून तुला काय मिळालं? मी म्हटलं, झोप. ते म्हणाले, मंग बरं हाय.

प्रार्थना आता जिथे सुचेल तिथे होते. चटईवरची सुटली नाही, पण पहिल्यापासून पुन्हा सुरू करायची खोड कमी झाली. अगदी गेली म्हटलं तर तू विश्वास ठेवणार नाहीस.

आईला आता सांगितलंस तरी चालेल. तुझ्या मायेचा धाक असाच राहू दे.

तुझी,
सलोमी

बेगडेवाडी,
शुक्रवार, ३ जानेवारी २०२५

चि. सलोमी हीस,
नव्या वर्षाचे आशीर्वाद.

तुझ्या आईला सांगितलं. ती आधी रडली आणि मग म्हणाली, की एकाची तरी हाक लागेल म्हटलं होतं, गाडीला लागली. आता ती हे सगळ्या चर्चला सांगत सुटली आहे.

नऊ तारखेला, गुरुवारी, आम्ही दोघी लोणावळ्याला येतो. तिथल्या चर्चमध्ये तुझी आई बरी झाली म्हणून उपकारस्तुतीची भक्ती ठेवली आहे, संध्याकाळी पाचला. सकाळच्या लोकलने येऊ, साधारण साडेनऊला तुझ्या फाटकावरून जाऊ. तू कामावर असशील. आमच्याकडे बघून हात हलवू नकोस, काम कर. आम्ही बघू. पाचला भेटच.

तुझी,
लिदियाआत्या

सलू, मी आई. मी हात हलवणार. तुझ्या आत्याचं ऐकू नकोस.

भाजे,
शुक्रवार, १० जानेवारी २०२५

ती. आत्या हिस,
सलोमीचा ख्रिस्ती सलाम वि. वि.

काल चर्चमध्ये भेटलो, तरी हे पत्र लिहिते. जे सांगायचं होतं ते भक्तीच्या गर्दीत तुझ्या कानाशी ओरडून सांगण्यासारखं नव्हतं.

सकाळी नऊ पंचवीसला मास्तरसाहेबांचा फोन आला. पहिल्याच घंटेला उचलला. फाटक लावलं, कुलूप एकदाच ओढून पाहिलं. खरं सांगते, दोनदा. मग हिरवी झेंडी घेऊन बाहेर उभी राहिले. शेवटचा डबा जाईपर्यंत गाडीवरून नजर काढायची नाही, असा नियम आहे, आणि हा खरोखरचा नियम आहे, कुणा आत्याने केलेला नाही. गाडी दिसली तशी मी मनात सुरुवात केली, प्रभू, ज्या कुणी या गाडीत बसल्या आहेत, आणि तेवढ्यात तिसऱ्या डब्याच्या खिडकीत तू दिसलीस.

आई हात हलवत होती, रुमालासकट. तू नाही. तुझ्या डोक्यावर पदर होता, हात जोडलेले होते, ओठ हलत होते. आणि डोळे टक्क उघडे होते! लहानपणी मी एक डोळा किलकिला केला तरी तुला मिटल्या डोळ्यांनी कळायचं, ती तू. माझ्याकडेच बघत होतीस, आणि काय मागत होतीस ते मला काचेतून वाचता आलं, कारण तेव्हा मीही तेच मागत होते.

तुमचा डबा पुढे गेला. शेवटचा डबा गेला आणि गुमटीत फोन वाजला, पलीकडून दुसरी गाडी होती. माझं वाक्य मध्येच होतं. तसंच सोडून आत गेले, बोलले, फाटक लावलेलंच ठेवलं, बाहेर आले आणि जिथे सोडलं होतं तिथूनच पुढे धरलं. ती गाडी गेली. फाटक उघडलं. हौशीरामभाऊ काल लवकरच टेम्पो घेऊन उभे होते, त्यांनी मान बाहेर काढून विचारलं, की म्याडम, आज कुनाचं नाव लिवायचं? त्यांना उत्तर दिलं, मग पुन्हा धरलं. असं दोनपर्यंत चाललं, मध्ये गाड्या, मध्ये माणसं, मध्ये तो.

कोंडाजीमामांच्या हातात चावी दिली तेव्हा आठवलं, की सकाळपासून आमेन म्हणायचं राहिलंच. मामांनी विचारलं, काय इसरलीस? काही नाही म्हटलं, आणि तशीच भक्तीला निघाले.

तुझ्या मायेत सदैव,
तुझी,
सलोमी